झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंतांच्या निर्मितीप्रेरणा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नाट्यकलेचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा १८४३ मध्ये सांगलीला झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर' या प्रयोगापासून आरंभ करतात आणि किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी या मार्गाने पुण्या-मुंबईच्या आधुनिक रंगभूमीपर्यंत येऊन थांबतात. या मार्गावर वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टी लागत नाही. वास्तविक राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीमागून रात्र नाटके होतात. हजारो प्रेक्षक थंडीत घोंगडी-चादर पांघरून पहाटेपर्यंत ती पाहतात, तिकीट काढून पाहतात, आणि दरवर्षी नव्या नाटकाची मागणी करतात. राज्यातील व्यावसायिक रंगभूमी प्रेक्षक नाहीत म्हणून चिंताग्रस्त असताना जंगलाच्या या पट्ट्यात प्रेक्षकांची वाण पडलेली नाही.

या रंगभूमीविषयी जे लेखन झाले आहे त्याचा भर मुख्यत्वे तिच्या प्राचीनतेवर आणि लोककलेशी असलेल्या नात्यावर राहिला. साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व दंडार यांच्या अभ्यासाचा पाया घातला व त्यामुळे हा विषय विद्यापीठीय चर्चेत आला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आज येथे लिहिणारा, रंगवणारा, गाणारा व अभिनय करणारा कलावंत कोणत्या वाटेने या क्षेत्रात येतो आणि का टिकून राहतो, हा प्रश्न तुलनेने मागे पडला. प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. त्यातून पुढे येणारे मत प्रचलित समजुतीला थोडे छेद देणारे आहे. व्यवसायाने झाडीपट्टीची कला बिघडवली, असे सामान्यतः म्हटले जाते. झाडीपट्टीला स्वतःचा नाटककार मात्र या व्यवसायामुळेच लाभला.

धानाचा हंगाम आणि नाटकाचा हंगाम

झाडीपट्टी हे नाव प्रशासकीय नाही. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. या सीमा नकाशावर बदलल्या तरी 'झाडी' या शब्दाने सुचवला जाणारा प्रदेश लोकांच्या बोलण्यात तोच राहिला. दाट जंगल, मामा तलाव, धानाच्या बांध्या आणि वैनगंगेचे पाणी ही त्याची ओळख. वऱ्हाडचा कापूसपट्टा आणि झाडीचा धानपट्टा यांच्या अर्थव्यवहारात जसे अंतर आहे तसे ते रात्र घालवण्याच्या रीतीतही आहे.

धानाचे पीक खरिपाचे. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघू लागते, पुढे भारी धान कापून चुरणे होते, आणि पौष-माघात बांध्या रिकाम्या पडतात. हातात थोडा पैसा येतो व काम कमी असते. उन्हाळा लागताच मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे ही जंगलातील कामे सुरू होतात आणि माणसे पुन्हा गुंततात. या दोन कामांच्या मधली जी मोकळीक, तीच नाटकाची जागा. भाऊबीजेनंतर गावोगावी भरणारी मंडई, हिवाळ्यातील शंकरपट व यात्रा ही नाटकाची निमित्ते. पाहुणे याच दिवसांत येतात, सोयरिकी याच दिवसांत ठरतात, आणि गावात नाटक नसेल तर पाहुण्यांना बोलावण्याला कारण उरत नाही. झाडीपट्टीतील लेखकाला जी पहिली प्रेरणा मिळते ती या हंगामाची आहे. त्याच्या नाटकाची तारीख ठरलेली असते, प्रेक्षक ठरलेला असतो. फक्त नाटक लिहायचे बाकी असते.

शंकरपटावर न्यायालयीन बंदी आली तेव्हा हे नाते उघड झाले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, परंतु प्रत्यक्ष परवानगी मिळायला डिसेंबर २०२१ उजाडले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैल धावण्याचा हा वाद शहरात प्राण्यांच्या हक्काचा म्हणून चर्चिला गेला. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी असल्याने पट थांबला की त्या रात्रीच्या नाटकाला दुसरे निमित्त शोधावे लागे. कलावंताची मिळकत बैलाच्या शर्यतीवर काही अंशी अवलंबून असते, ही बाब नाट्यसमीक्षेच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

दंडारीची मुळे

नाटकापूर्वी येथे दंडार होती आणि काही गावांत आजही आहे. पुरुषांनीच स्त्रियांची सोंगे घ्यायची, ढोलकी-टाळाच्या साथीने गायचे, मध्येच कथाप्रसंग उभा करायचा, आणि विनोदी पात्राने गावातील कोणालाही चिमटा काढायचा असा तिचा साधारण घाट. खडी गंमत हा तमाशाला जवळचा प्रकारही याच प्रदेशात वाढला. राजुरा-जिवती परिसरातील गोंड समाजाची दिवाळीतील दंडारी आणि घुसाडी नृत्य ही परंपरा वेगळी असून ती शेजारच्या आदिलाबादशी जोडलेली आहे. नावसाधर्म्यामुळे दोहोंची सरमिसळ करण्याचा मोह टाळणे इष्ट.

दंडारीत लेखक नसतो. शाहीर असतो, गुरू असतो, पिढीजात चालत आलेली रचना असते व तीत सोयीनुसार भर पडत जाते. 'हे माझे' म्हणण्याची तेथे कोणाला गरज वाटत नाही. पुढे विसाव्या शतकात शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर अशा नोकरदार मंडळींबरोबर छापील नाटकांची पुस्तके खेड्यांत पोहोचली आणि गावच्या हौशी मंडळांनी ऐतिहासिक, पौराणिक व सामाजिक नाटके बसवायला आरंभ केला. गडकऱ्यांचे १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' आणि अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' ही नाटके येथे पिढ्यान्‌पिढ्या झाली. गडकऱ्यांचा मृत्यू विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी झाला होता, त्यांचे नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी. त्यांचा तळीराम मात्र वैनगंगेच्या काठी ज्या दीर्घकाळ जगला तसा अन्यत्र क्वचितच जगला असेल.

या हौशी टप्प्याचा गौरव करण्याची पद्धत आहे. गावच नाटक बसवी, गावचा मास्तर दिग्दर्शक, गावचा सुतार मंच उभारी, गावचा पोर नायिका होई. यात एक निर्मळ आनंद होता यात शंका नाही. परंतु निर्मितीच्या दृष्टीने पाहिले तर या काळात झाडीपट्टी पुण्या-मुंबईची नाटके करीत होती. स्वतःचे जगणे मंचावर आणण्याची निकड तिला अद्याप भासली नव्हती, कारण तेच नाटक पुन्हा केले तरी चालत असे. नट गावचाच असल्याने प्रेक्षकाला नटाचे कौतुक होते, नाटकाचे कमी.

वडसा : नदीकाठचे नाट्यकेंद्र

हे चित्र बदलले ते वडसा (देसाईगंज) या गावामुळे. वैनगंगेच्या पूर्व काठावरील हे तालुक्याचे ठिकाण गोंदिया-नागभीड-चंद्रपूर या रेल्वेमार्गावर आहे आणि गडचिरोली जिल्ह्याला प्रदीर्घ काळ हेच एक रेल्वेस्थानक होते. पलीकडे ब्रह्मपुरी, खाली सिंदेवाही व मूल, वर अर्जुनी मोरगाव, पूर्वेला कुरखेडा; चारही दिशांची गावे एका रात्रीच्या अंतरात. नागपूरहून येणारा वादक किंवा अभिनेत्री येथे उतरे आणि येथूनच वाहनाने प्रयोगाच्या गावी जाई.

वडशातील नाट्यसंस्थांच्या कार्यालयांना 'प्रेस' म्हणतात. नाटकाचे फलक जेथे छापायचे त्या छापखान्यातच गावचे मंडळ कलावंतांची जुळवाजुळव करी, आणि छापखान्याचा मालक हळूहळू संस्थेचा चालक झाला, असे या नावामागचे कारण सांगितले जाते. एखाद्या कलेच्या व्यवस्थेचे नाव तिच्या जाहिरातीच्या साधनावरून पडावे हे अर्थपूर्ण आहे. दिवाळीच्या आसपास गावोगावची मंडळे वडशाला येतात, या वर्षीची नाटके कोणती, त्यात कोण आहेत, हे पाहतात, भाव करतात आणि तारीख पक्की करतात. संस्थेला ठरलेली रक्कम द्यायची व तिकिटविक्रीतून ती वसूल करायची, ही जबाबदारी मंडळाची. अनेक गावांत उरलेली शिल्लक देऊळ, शाळा अथवा गावाच्या अन्य कामी लागते. तोटा आल्यास तोही मंडळाचाच.

पश्चिम महाराष्ट्रात तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या नारायणगावला ठरतात. बंगालमध्ये जात्रा मंडळींची कार्यालये कोलकात्याच्या चितपूर रस्त्यावर आहेत आणि रथयात्रेपासून त्यांची नोंदणी सुरू होते. वडशाची जात हीच. फरक असा की चितपूर महानगरात आहे आणि तेथून जात्रा खेड्याकडे जाते. वडसा स्वतः धानबाजाराचे गाव आहे. नाटक ठरवणारा, करणारा आणि पाहणारा हे तिघेही एकाच मुलखातले असल्याने लेखकाची चूक पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर येते.

मागणीतून जन्मलेला नाटककार

हंगामात पंधरा-वीस कोसांच्या टापूत अनेक संस्था एकाच वेळी फिरू लागल्या तेव्हा 'एकच प्याला' सर्वांना पुरणे शक्य नव्हते. गेल्या वर्षी शेजारच्या गावात पाहिलेले नाटक या वर्षी आपल्या गावात कोणी घेईना. संस्थेला दरवर्षी नवी शीर्षके, नवी गाणी, नवा विषय हवा झाला. पुण्या-मुंबईहून ते मिळेना. तेथील दोन अंकी, चार पात्रांची दिवाणखान्यातली नाटके येथे निरुपयोगी होती. रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपणारे, खलनायक असलेले, दोन विनोदी पात्रे, आठ-दहा गाणी आणि एक मोठा रडवणारा प्रसंग असलेले नाटक हवे तर ते येथेच लिहावे लागणार होते. शिक्षक, शेतकरी, भजनी, गायक अशा मंडळींनी ते लिहिले. सध्याचा झाडीपट्टी नाटककार या गरजेचे अपत्य आहे.

बाजाराच्या मागणीने लेखक जन्माला आला म्हणून त्याच्या लेखनात अंतःप्रेरणा नाही असे मानणे चुकीचे ठरेल. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावचे सदानंद बोरकर हे याचे ठळक उदाहरण. नाटककार, दिग्दर्शक, नट, चित्रकार आणि नेपथ्यकार या सर्व भूमिका एका व्यक्तीत एकवटलेल्या आहेत. 'माझं कुंकू मीच पुसलं' आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील 'आत्महत्या' ही त्यांची नाटके झाडीपट्टीबाहेरही चर्चिली गेली. दुसऱ्या नाटकाच्या विषयाकडे नीट पाहिले पाहिजे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकऱ्यांसाठी जी मदत योजना जाहीर केली ती अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा या सहा जिल्ह्यांपुरती होती. चंद्रपूर व गडचिरोली तीत नव्हते. शेतकऱ्याचे मरण हा कापूसपट्ट्याचा प्रश्न म्हणून नोंदला जात असताना धानपट्ट्यातील लेखकाने तो आपला मानून धानपट्ट्यातील प्रेक्षकासमोर ठेवला. मागणी होती ती केवळ 'रडवणाऱ्या नाटकाची'. कशाने रडवायचे हे लेखकाने ठरवले.

दुसरा प्रवाह आंबेडकरी गायनपरंपरेचा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्या घटनेनंतर या जिल्ह्याच्या वस्त्यांत भीमगीत, जलसा आणि कव्वालीची जी परंपरा रुजली तिच्यातून आवाज तयार झालेले अनेक गायक पुढे नाट्यमंचावर आले. अनिरुद्ध वनकर यांचे नाव या संदर्भात प्रथम घ्यावे लागते. गायक, कवी व नाटककार असा त्यांचा प्रवास असून 'घायाळ पाखरा' हे त्यांचे नाटक विशेष गाजले. या प्रवाहातील कलावंताला नाटक हे सभेसारखेच साधन वाटते. चार तासांच्या मनोरंजनात दहा मिनिटे आपले म्हणणे मांडायला मिळाली तरी त्याचा हेतू साधतो. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर अशी तडजोड कोणाला पटणार नाही. पण तेथे दोन-तीन हजार लोक रात्रभर बसून ऐकतही नाहीत.

तिसरा प्रवाह राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा व ग्रामगीतेचा. चिमूरचा १९४२ चा उठाव, पुढे गुरुदेव सेवा मंडळाचे गावोगावचे जाळे, आणि त्यातून आलेला व्यसनमुक्ती, स्वच्छता व अंधश्रद्धा निर्मूलनाचा आग्रह झाडीपट्टी नाटकाच्या संवादांत इतका मुरला आहे की प्रेक्षकाला तो उपदेश वाटत नाही. गडचिरोलीत जनआंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. ज्या मुलखात दारू हा निवडणुकीचा, मोर्चाचा आणि घरातील भांडणाचा विषय आहे तेथे 'एकच प्याला' शंभर वर्षांनंतरही जुने होत नाही, यात नवल ते काय.

नटाचा हिशेब : परशुराम खुणे

२०२३ मध्ये केंद्र शासनाने कुरखेडा तालुक्यातील गुरनोली येथील परशुराम कोमाजी खुणे यांना पद्मश्री जाहीर केली. झाडीपट्टी रंगभूमीच्या कलावंताला मिळालेला हा सन्मान संपूर्ण प्रदेशाने आपला मानला. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका अशी त्यांच्या कामाची नोंद शासनाने केली आहे. 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' असे त्यांना म्हटले जाते. 'सिंहाचा छावा', 'स्वर्गावर स्वारी', 'मरीमायचा भुत्या', 'लग्नाची बेडी' अशा नाटकांतून त्यांनी कामे केली आणि त्यांचा तळीराम लोकांच्या विशेष लक्षात राहिला.

पाच हजार हा आकडा वाचून पुढे जाण्यासारखा नाही. एका हंगामात शंभर रात्री काम मिळाले असे धरले तरी पाच हजार प्रयोगांना पन्नास हंगाम लागतात. शंभर रात्री म्हणजे दिवाळी ते होळी जवळजवळ अखंड जागरण, दररोज नवे गाव, दिवसा प्रवास व झोप, पुन्हा रात्री रंग. उरलेले आठ महिने शेती. खुणे हे शेतकरी होते, गावचे सरपंचही राहिले. त्यांच्या आयुष्यात कला आणि उपजीविका, गाव आणि मंच अशी फारकत दिसत नाही. आधुनिक कलाविचारात कलावंत म्हणजे समाजापासून थोडा अलिप्त, स्वतःच्या आतल्या हाकेने चालणारा अशी जी प्रतिमा आहे तिच्यात हा नट बसत नाही. गावकीचा माणूस म्हणूनच तो विनोद करू शकतो. ज्याच्यावर विनोद करायचा तो समोर बसलेला असतो आणि सकाळी बाजारात भेटणार असतो.

आठशे भूमिका पाठ कशा होतात, हा प्रश्न शहरी नाट्यकर्मी हमखास विचारतात. याचे उत्तर प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर हा नाटकाचा दुसरा दिग्दर्शकच. तालमी थोड्या, नाटके अनेक, नट आज एका संस्थेत तर उद्या दुसऱ्या. अशा वेळी विंगेतून येणारा शब्द पकडून तो स्वतःच्या भावनेत बुडवून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे हे स्वतंत्र कौशल्य ठरते. त्याला पाठांतराचा अभाव म्हणून हिणवणे सोपे आहे. समोर ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड यांची साथ चालू असताना, ऐकत ऐकत बोलण्याची ही कला प्रयत्नांवाचून येत नाही. कोणत्याही नाट्यशाळेत ती शिकवली जात नाही, एवढाच तिचा दोष.

पडदा, प्रकाश आणि रंगवणारे हात

नेपथ्य हे झाडीपट्टीतील सर्वात दुर्लक्षित अंग. राजवाडा, जंगल, रस्ता, घर असे रंगवलेले पडदे आणि ते ओढण्याची दोरी, एवढ्यावर एकेकाळी सर्व नाटक उभे राहत असे. पडदे रंगवणारे बहुधा गावातील चित्रकला शिक्षक, देवळांच्या भिंती रंगवणारे किंवा दुकानांच्या पाट्या लिहिणारे. त्यांच्या जंगलात साग आणि मोह ओळखू येतो, राजवाड्यात मात्र कॅलेंडरावरचे खांब असतात; जे रोज पाहिले ते अचूक आणि जे पाहिले नाही ते उसने. गॅसबत्ती गेली, जनरेटर आला, रंगीत दिवे आले, धूर आणि चमत्कृतीची दृश्ये आली. संगणकावर छापलेल्या फलकांनी रंगवलेल्या फलकाची जागा घेतली तेव्हा पाटीलेखकांची एक पिढी या व्यवसायातून बाहेर पडली. सदानंद बोरकरांसारखा चित्रकार-नाटककार म्हणूनच अपवाद ठरतो. त्याच्या हातात संहिता आणि कुंचला दोन्ही असल्याने दृश्याचा विचार लेखनातच झालेला असतो.

स्त्री कलावंतांचा मार्ग

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची दंडारीची रीत नाटकातही दीर्घकाळ चालली. स्त्रिया आल्या त्या प्रथम नागपूर व इतर शहरांतून, हंगामापुरत्या, मानधनावर. गावाने त्यांना मंचावर डोक्यावर घेतले, मंचाबाहेर मात्र संशयाने पाहिले. स्थानिक मुलींना नाटकात पाठवण्याची तयारी कुटुंबे दाखवू लागली ती बऱ्याच उशिरा आणि आजही ती सर्वत्र नाही. पुरुष कलावंताला विचारल्यास तो 'आवड' हा शब्द प्रथम उच्चारतो. स्त्रीच्या बाबतीत घर चालवण्याची गरज आधी आणि आवड नंतर, असा क्रम अनेकदा दिसतो. म्हणून तिच्या कलेचे मोल कमी होत नाही, परंतु निर्मितीप्रेरणेची चर्चा करताना दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. नाटकात नृत्यगीतांची संख्या वाढवण्याचा आग्रह प्रेक्षक आणि मंडळे धरतात. त्याचे ओझे मुख्यत्वे तिच्यावर पडते आणि टीकाही तिच्यावरच होते. पहाटे तीन-चार वाजता, अनोळखी गावात, रंग उतरवण्यासाठी आडोसा मिळण्यापासून तिच्या अडचणी सुरू होतात. अशा परिस्थितीत वर्षानुवर्षे काम केलेल्या स्त्रियांची नावे पुरस्कारांच्या यादीत अभावानेच आढळतात.

बोलीचा पेच

झाडीपट्टी रंगभूमीत झाडीबोली कितपत बोलली जाते? उत्तर अडचणीचे आहे. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात, पाटील दरडावतो तेही बहुधा ग्रामीण चित्रपटांतून आलेल्या पश्चिम महाराष्ट्री वळणाने, आणि झाडीबोली मुख्यतः विनोदी पात्राच्या तोंडी येते. आपली भाषा हसण्यासाठी आणि उसनी भाषा रडण्यासाठी, अशी ही विभागणी. झाडीबोलीच्या चळवळीने गेल्या तीन-चार दशकांत संमेलने भरवली, कविता-कथा लिहिल्या, बोलीविषयीचा संकोच कमी केला. तरीही मंचावर नायकाने झाडीबोलीत प्रेम व्यक्त करावे इतका आत्मविश्वास अद्याप आलेला नाही. मागणीने नाटककार घडवला हे खरे. पण मागणीची मर्यादाही येथे दिसते. प्रेक्षकाने जे मागितले नाही ते देण्याचे धाडस हंगामी व्यवसायात महाग पडते. एक नाटक पडले तर त्या वर्षीच्या तारखा जातात.

तृषांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि राज्यातील इतर प्रेक्षकांना या मुलखाची भाषा, मंडप, प्रेसची कार्यालये आणि कलावंतांमधील चुरस पडद्यावर पाहायला मिळाली. झाडीबोली तेथे केवळ विनोदासाठी वापरलेली नव्हती. जे मंचाला जमले नाही ते चित्रपटाला जमले, कदाचित त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात जायचे नव्हते म्हणून.

संहितांचे भवितव्य

कोरोनाच्या निर्बंधांमुळे २०२०-२१ चा हंगाम मोडला तेव्हा या कलावंतांच्या पाठीशी कोणतीही संस्थात्मक व्यवस्था नाही हे स्पष्ट झाले. नट शेताकडे वळू शकला. वादक, प्रॉम्प्टर, मंडपवाले आणि शहरातून येणाऱ्या अभिनेत्रींना तो मार्ग नव्हता. हंगाम पुढे सावरला. पण त्या खंडात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती या रंगभूमीच्या लिखित वारशाविषयी.

झाडीपट्टीची बहुसंख्य नाटके छापली जात नाहीत. नाटककार वहीत लिहितो, संस्थेला देतो, प्रॉम्प्टरच्या हातातील प्रत रात्रीच्या दवाने, चहाने आणि घाईने झिजते, संवाद खोडले जातात, नवे समासात लिहिले जातात. हंगाम संपला की ती प्रत कोठे तरी ठेवली जाते. काही वेळा तेच नाटक थोड्या फरकाने नव्या शीर्षकाखाली येते. लेखकाच्या हक्काचा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो आणि तोंडी व्यवहारामुळे सुटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रतींचे मोल वेगळे वाटेल. छापील नाटकात लेखकाने काय लिहिले ते कळते, प्रॉम्प्टरच्या प्रतीत प्रेक्षकाने काय ठेवू दिले ते कळते.

राज्यात नाटकाच्या प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करण्याचा नियम आहे. ज्या झाडीपट्टी नाटकांनी हा नियम पाळला त्यांची एक प्रत मुंबईत दाखल झाली असणार. म्हणजे झाडीतील संहितांच्या शोधाची एक वाट मुंबईच्या सरकारी दप्तरातून जाते. दुसरी वाट वडशाच्या प्रेसमधील कपाटांतून आणि तिसरी ब्रह्मपुरी, नवरगाव, कुरखेडा, मूल येथील प्रॉम्प्टरांच्या घरांतून. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये एका विद्यापीठाच्या कक्षेत आली आहेत. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी बहुतांशी याच गावांतून येतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मंडळाचा जमाखर्च, जुने फलक किंवा एखादी वही अजून असते. मूळ प्रती ज्यांच्या हातून गेल्या ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.